आगमनकाळाच्या चौथ्या रविवारचे प्रवचन (सन १५११)



मागच्या महिन्यात युवक मंडळाच्या सभेत एका मुलाने मला विचारले, "फादर, कॉलेजात सर म्हणाले की पोपने एकदा सगळे जग दोन राजांना वाटून दिले होते. हे खरे आहे का?" बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "बरेचसे खरे आहे. पत्रकात सविस्तर लिहीन."

आज आगमनकाळाचा चौथा रविवार. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी याच रविवारी एका दूरच्या बेटावर एक प्रवचन झाले. त्या प्रवचनाच्या आधाराने मी त्या मुलाला, आणि आपणा सर्वांना, उत्तर देणार आहे.

१. जहाजे निघाली

पंधराव्या शतकात पोर्तुगाल हा युरोपच्या टोकाला असलेला लहानसा देश होता. मसाले, रेशीम व सोने पूर्वेकडून येत असे, पण ते अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून येई आणि महाग पडे. समुद्रातून थेट वाट सापडली तर मधले सगळे टाळता येईल, हा विचार बळावला. १४१५ साली पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता हे बंदर घेतले. राजपुत्र हेन्री याच्या आश्रयाने आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली जाणाऱ्या सफरी सुरू झाल्या. १४३४ साली जिल एआनिश याने बोजादोर भूशिर ओलांडले. त्यापुढे गेलेला माणूस परत येत नाही, अशी तोवर खलाशांची समजूत होती. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही नागमोडी जाऊ शकणारे, तिरक्या शिडांचे 'काराव्हेल' हे हलके जहाज त्यांच्या कामी आले.

या सफरींमागे धाडस होते, विद्या होती आणि श्रद्धाही होती. पण हे तिन्ही असलेल्या माणसाच्या मनात लोभ शिरत नाही असे नाही. ८ ऑगस्ट १४४४ रोजी पोर्तुगालमधील लागोस बंदरात आफ्रिकेहून पकडून आणलेले २३५ स्त्री-पुरुष व मुले उतरवण्यात आली. वाटणी करताना आईपासून मूल व नवऱ्यापासून बायको तोडली गेली. राजाचा बखरकार झुरारा याने हे दृश्य लिहून ठेवले आहे. तो हेन्रीचा स्तुतिपाठक होता, पण ते लिहिताना त्यालाही रडू आवरले नाही.

पुढच्या तारखा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. १४८८ साली बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी स्पेनच्या राणीने पाठवलेला कोलंबस अटलांटिक ओलांडून बहामा बेटांना पोहोचला. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला.

२. पोपची आज्ञापत्रे

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. १४५२ व १४५५ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्रे दिली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मुसलमान व मूर्तिपूजक यांचे मुलूख जिंकण्याची, त्यांची मालमत्ता घेण्याची आणि त्यांना कायमचे गुलाम करण्याची परवानगी त्यांत होती. ४ मे १४९३ रोजी पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिकमध्ये एक रेषा कल्पून तिच्या पश्चिमेकडील मुलूख स्पेनच्या राजाराणीला बहाल केला व तेथे ख्रिस्ती श्रद्धेचा प्रसार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ७ जून १४९४ रोजी तोर्देसिल्यास गावी स्पेन व पोर्तुगाल यांनी आपसांत तह केला आणि ती रेषा केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवर सरकवली. ज्यांचा मुलूख वाटला जात होता त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणजे सरांचे म्हणणे निराधार नाही. पण ते अपुरे आहे. १४३५ साली पोप चौथे युजीन यांनी कॅनरी बेटांवरील रहिवाशांना गुलाम करणाऱ्यांना बजावले होते की पंधरा दिवसांत त्यांना मुक्त करा, नाहीतर ख्रिस्तसभेतून बहिष्कृत व्हाल. एकाच सिंहासनावरून वीस वर्षांच्या आत दोन परस्परविरोधी आवाज आले. राजांनी कोणता ऐकला, हे सांगायला नको.

या आज्ञापत्रांचा उपयोग कसा झाला त्याचे एक उदाहरण पाहा. १५१३ पासून स्पॅनिश सेनानी नव्या गावावर चाल करण्यापूर्वी एक जाहीरनामा वाचू लागले. पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, ते मान्य करा, नाहीतर युद्ध होईल आणि त्याचा दोष तुमच्यावर राहील, असा त्याचा आशय. ऐकणाऱ्यांना ती भाषा कळत नसे. पुष्कळदा ऐकायला कोणी हजरही नसे. कागद वाचला की सेनानीचे मन मोकळे होई.

३. हिस्पानिओला बेटावर

कोलंबसाने जेथे पहिली वसाहत केली ते हिस्पानिओला बेट. आज तेथे हैती व डोमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत. तेथे तैनो लोक राहत. ते मका, कसावा व रताळी पिकवत, होड्यांतून मासेमारी करत. स्पॅनिश लोकांनी तेथे 'एन्कोमिएंदा' नावाची पद्धत घातली. आपल्याकडे जहागीर देत, तसे एकेका स्पॅनिश माणसाला शेकडो तैनो नेमून दिले जात. त्याने त्यांना धर्म शिकवायचा व संरक्षण द्यायचे, आणि त्यांनी त्याच्यासाठी राबायचे. व्यवहारात राबणे तेवढे झाले. सोन्याच्या खाणीत व शेतावर उपाशीपोटी काम करून माणसे मरू लागली. १५०८ च्या सुमारास बेटावर सुमारे ६० हजार तैनो उरले होते. १५१४ च्या वाटपाच्या वेळी ही संख्या सुमारे २६ हजारांवर आली. १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली आणि उरलेल्यांतलेही बहुसंख्य गेले. युरोपातून आलेल्या रोगांविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्तीच नव्हती.

या बेटावर सप्टेंबर १५१० मध्ये दोमिनिकन संघाचे काही धर्मगुरू उतरले. त्यांचे प्रमुख होते फादर पेद्रो दे कोर्दोबा. ते गवताने शाकारलेल्या घरात राहत. जेवणाला कोबीच्या पानांचे बिनतेलाचे सार असे. त्यांनी वर्षभर डोळे उघडे ठेवून पाहिले, लोकांकडून ऐकले, प्रार्थना केली आणि मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले. त्यावर प्रत्येकाने सही केली, म्हणजे उद्या कोणी एकाला दोष देऊ नये. ते वाचण्याचे काम फादर आंतोनियो दे मोंतेसिनोस यांच्याकडे दिले.

४. ते प्रवचन

२१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार. गावातील बड्या लोकांना मुद्दाम निमंत्रण दिले होते. कोलंबसाचा मुलगा दिएगो, जो त्या वेळी तेथील राज्यपाल होता, तोही मिस्साला आला होता. शुभवर्तमानातील स्नानसंस्कार देणाऱ्या योहानाचा, अरण्यात उठलेल्या आवाजाचा विषय घेऊन फादर मोंतेसिनोस बोलू लागले. या बेटाच्या अरण्यातील तो आवाज आज मी आहे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी श्रोत्यांना सरळ विचारले: कोणत्या अधिकाराने, कोणत्या न्यायाने तुम्ही या लोकांना अशा गुलामगिरीत ठेवता? आपल्या घरी शांतपणे राहणाऱ्यांवर तुम्ही युद्ध का लादलेत? ही माणसे नाहीत का? त्यांना विवेकी आत्मा नाही का? स्वतःसारखी त्यांच्यावर प्रीती करायला तुम्ही बांधलेले नाही का? आणि शेवटी म्हणाले की या अवस्थेत तुम्ही सगळे महापापात आहात.

लोक आधी सुन्न झाले, मग चिडले. जेवणे होताच मंडळी मठावर चालून गेली आणि फादर पेद्रोंना म्हणाली की तुमचा माणूस राजाविरुद्ध बोलला, पुढच्या रविवारी त्याने शब्द मागे घ्यावेत, नाहीतर तुम्ही सामान बांधून स्पेनला जा. फादर पेद्रोंनी शांतपणे सांगितले की तो जे बोलला ते आम्हा सर्वांचे बोलणे आहे. सामानाचे म्हणाल, तर त्या मठातील सगळ्यांचे सामान दोन पेट्यांत मावले असते.

पुढच्या रविवारी, २८ डिसेंबरला, माघार ऐकायला देऊळ भरून गेले. फादर मोंतेसिनोस यांनी तेच पुन्हा सांगितले आणि आणखी एक गोष्ट जोडली. जे या लोकांना असे वागवतात त्यांचे पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही. रस्त्यावरच्या लुटारूला जसे मोकळे करता येत नाही, तसेच तुम्हालाही नाही. हवे असेल तर राजाला कळवा.

त्यांनी राजाला कळवले. राजा फर्डिनंड रागावला. स्पेनमधील दोमिनिकन वरिष्ठांनीही आपल्याच धर्मगुरूंना खडसावले. वसाहतवाल्यांनी आपली बाजू मांडायला दुसऱ्या संघाचा एक धर्मगुरूच पाठवला. मग फादर मोंतेसिनोस स्वतः समुद्र ओलांडून दरबारात गेले. त्याचे फळ म्हणून २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोस येथे पहिले कायदे झाले. कामाला मर्यादा, विश्रांतीचे दिवस, गरोदर स्त्रियांना खाणकामातून सूट, असे नियम त्यांत होते. पण एन्कोमिएंदा तशीच राहिली, आणि हजारो मैलांवर हे कायदे पाळले जातात की नाही हे पाहणारे कोणी नव्हते.

५. बाकावर बसलेला एक धर्मगुरू

ही हकिकत आपल्याला कळते ती फादर बार्तोलोमे दे लास कासास यांच्या लेखनामुळे. ते १५०२ साली या बेटावर आले होते. ते धर्मगुरू झाले, पण त्यांच्याकडेही तैनो वेठीला होते. एका दोमिनिकन धर्मगुरूने त्यांना याच कारणासाठी पापमुक्ती नाकारली होती, तरी त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

१५१४ साली क्युबा बेटावर पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना त्यांनी जुन्या करारातील सिराख ग्रंथाचा ३४वा अध्याय उघडला. अन्यायाने मिळवलेल्या धनातून केलेले अर्पण देवाला मान्य नाही, आणि गरिबाची भाकरी हिरावणारा त्याचा जीवच घेतो, असा तेथे उपदेश आहे. ते वचन त्यांना सोडेना. १५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाच्या सणाला त्यांनी भर प्रवचनात आपल्याकडील लोकांचा हक्क सोडल्याचे जाहीर केले. पुढे ते दोमिनिकन झाले, नंतर मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाले आणि १५६६ साली वारले. तोवर त्यांनी त्या लोकांची बाजू मांडणे थांबवले नाही.

त्यांचीही एक मोठी चूक झाली. तैनो लोकांना वाचवण्यासाठी त्यांनी सुरुवातीला आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली. आफ्रिकन लोकही तितक्याच अन्यायाने पकडले जातात हे त्यांना नंतर उमगले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी ही चूक कबूल केली आणि देव आपल्याला क्षमा करील की नाही याची चिंता व्यक्त केली. एका माणसाचे दुःख दूर करताना ते दुसऱ्याच्या माथी मारणे, हा मोह भल्या माणसालाही होतो.

६. तत्त्वज्ञानाची कसोटी

सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, असे एक मत त्याच्या लेखनात आहे. १५५०-५१ साली स्पेनमधील वायादोलिद येथे विद्वानांच्या सभेपुढे सेपूल्वेदा या पंडिताने तेच मत पुढे करून अमेरिकेतील युद्धांचे समर्थन केले. लास कासास यांनी त्याला उत्तर दिले. सभेने औपचारिक निकाल दिला नाही.

त्याआधीच सालामांका विद्यापीठातील दोमिनिकन प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ च्या आपल्या व्याख्यानांत पाया घातला होता. पोप हा साऱ्या जगाचा ऐहिक मालक नाही, म्हणून जे त्याचे नाही ते तो कोणाला देऊ शकत नाही, असे ते म्हणाले. 'शोध लावला' म्हणूनही जमीन आपली होत नाही, कारण तिला आधीच मालक होते. त्यांनी आपल्याला शोधून काढले असते, तर आपला देश त्यांचा झाला असता का? हा तर्क कोणत्याही शाळकरी मुलाला पटेल, पण तो मांडायला त्या काळी धैर्य लागले.

२ जून १५३७ रोजी पोप तिसरे पॉल यांनीही शिकवले की हे लोक खरीखुरी माणसे आहेत आणि ते श्रद्धेबाहेर असले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. गुलाम करणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगणारे पत्रही त्यांनी काढले होते. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दबावामुळे पुढच्या वर्षी ते पत्र मागे घ्यावे लागले. शिकवण राहिली, पण तिचे दात काढले गेले.

७. जगावर आणि आपल्यावर झालेले परिणाम

त्या जहाजांनी साऱ्या जगाचे ताट बदलले. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, काजू, अननस, पपई, पेरू हे सगळे अमेरिकेतून आले. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. तुरुंग हाही शब्द त्यांचाच. पुढील शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन लोकांना अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबण्यात आले. त्यांतील सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. बाकीचे समुद्रात गेले. 'शोधा'चा हक्क तर इतका टिकला की १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच आधारे तेथील मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पूर्ण मालकी हक्क नाकारला.

आपली वसईही या इतिहासाबाहेर नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या अधिकारांखाली, म्हणजे 'पाद्रोआदो'खाली, येथे मिशनरी आले व चर्च उभी राहिली. आपल्या पूर्वजांना प्रभू येशूची ओळख त्याच वाटेने झाली. श्रद्धा ही देवाची देणगी आहे, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण ती ज्या जहाजातून आली त्यात आणखी काय काय होते, हेही आपण जाणून असावे.

त्या मिश्रणाची किंमत आपल्याच सुपुत्राला मोजावी लागली. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे जपानमध्ये फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून सेवा करत होते. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते, अशी बढाई जहाजावरील सुकाणूवाल्याने मारल्याचे त्या काळच्या वृत्तांतांत येते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या मनातील संशय पक्का झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते. त्यांनी कोणाची भूमी मागितली नव्हती. पण तलवार आणि क्रूस एकत्र फिरले, की क्रूस घेऊन येणाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

८. क्षमायाचना

ख्रिस्तसभेने हा इतिहास झाकून ठेवलेला नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आफ्रिकेतील गोरे बेटावर, जेथून गुलाम पाठवले जात, तेथे उभे राहून क्षमा मागितली. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये त्यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली बोलिव्हियात व २०२२ साली कॅनडात मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने जाहीर केले की 'शोधाच्या हक्काचा' सिद्धांत ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही, आणि त्या जुन्या आज्ञापत्रांत मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा व हक्क नीट प्रतिबिंबित झाले नव्हते.

तेव्हा युवक मंडळातील माझ्या मित्रा, तुझे उत्तर असे आहे. होय, पोपनी ती आज्ञापत्रे दिली आणि ते चुकले. पण त्याच ख्रिस्तसभेत, गवताच्या घरात राहणाऱ्या मूठभर धर्मगुरूंनी भर मिस्सात त्या अन्यायाला पाप म्हटले. उद्या सरांना दोन्ही गोष्टी सांग. एकच सांगितलीस तर ते अर्धसत्य होईल.

आणि आपणा सर्वांसाठी एक गोष्ट. त्या रविवारी बाकांवर बसलेले लोक राक्षस नव्हते. ते मिस्साला येणारे, दान देणारे, सण पाळणारे कॅथलिक होते. आपल्या घरी राबणारा माणूस 'आपल्यासारखा' आहे हे त्यांना दिसत नव्हते, एवढेच. आपल्या वाडीत पाणी शिंपणारा आदिवासी बांधव, वीटभट्टीवरचे कुटुंब, घरी भांडी घासायला येणारी बाई यांची मजुरी वेळेवर आणि पुरेशी मिळते का? ते आजारी पडले तर पगार कापतो का? गोठ्याजवळ ख्रिस्तजन्माची आरास करण्याआधी हे तपासून पाहू या. मीही पाहीन, कारण लास कासास हेही धर्मगुरूच होते.

समूहसभेत चर्चेसाठी

१. वसाहतवाल्यांना प्रवचनाचा राग का आला असेल? कोणते प्रवचन ऐकून आपल्याला राग येतो?

२. सिराख, अध्याय ३४ घरी वाचा. आपल्या अर्पणाबद्दल तो काय विचारतो?

३. आपल्याकडे काम करणाऱ्या एका व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव व मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? नसतील तर या आठवड्यात विचारा.

प्रार्थना: हे प्रभो, तू गोठ्यात जन्मलास आणि मेंढपाळांनी तुला प्रथम पाहिले. ज्यांच्याकडे आम्ही पाहत नाही त्यांच्यामध्ये तुला ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू